एका कळीचे दोन पाट

यमे, इकडं ये. अशी जवळ बस. त्या उंबऱ्यावर नको. उंबऱ्यावर बसलेलं माणूस निघायच्याच बेतात असतं, आणि तुझं जन्मभर तेच. "वयनी, बसते की निवांत," असं तोंडानं म्हणायचं आणि एक पाय बाहेर. माळावर पाण्याची पाळी आलीय, इंदापुराहून गाडी आलीय, गाय व्यायला झालीय. आताही तसंच केलंस. मी तुझ्या उशाशी बसून होते, चुलीवर पेज ठेवायला तेवढी उठले, आणि वाटी घेऊन आले तर बाई गेलेली. अगं, पेज तरी पिऊन जायचंस. साऱ्या गावाला थांबायला शिकवलंस आणि स्वतःच्या वेळेला एका पेजेपुरती थांबली नाहीस.

रागावते म्हणून तोंड फिरवू नको. मी रागावते तेव्हा काय करत असते ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

कागद घेऊन बसलेय. माझं अक्षर तुला माहीतच आहे. दुकानातून येणाऱ्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मी शिकले, मला ना शाळा ना पंतोजी. तू म्हणायचीस, "वयनी, तुझी अक्षरं म्हंजी लांडगा बघून पळालेली मेंढरं." पळू देत. आज ती तुझ्याकडं पळताहेत.

मी लग्न होऊन शेळगावात आले तेव्हा तू पाळण्यात होतीस. सासूबाईंनी पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही तुझी नणंद. हिला वन्सं म्हनायचं." एवढंसं पोर, तोंडात अंगठा, आणि मी म्हणतेय, वन्सं, झोपा आता. मला तरी कुठं अक्कल होती, मीही परकर नेसणारीच. पण तेव्हापासून चारचौघांत वन्सं आणि मळ्यात यमे, हे आपलं ठरून गेलं. देवानं माझी कूस उजवली नाही. लोक हळहळायचे. मी मनात म्हणायची, मला लेक मिळालीय की, फक्त तिला वन्सं म्हणावं लागतं.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून टाकलं.

तुझा पहिला संसार तापाच्या साथीत गेला. सासरच्यांनी गाडीत बसवून धाडून दिलं. तुझ्या दादानं बैल सोडले, तुझं गाठोडं उचलून आत ठेवलं आणि एक शब्द विचारला नाही. त्या दिवशी मला माझा नवरा फार आवडला. मामंजींनी जाता जाता तुझ्या चोळीबांगडीला म्हणून वरच्या अंगाचा माळ तुला तोंडी देऊन ठेवलेला होता. माळ कसला, दगडांची पेरणी. हुलगासुद्धा तिथं लाजत लाजत उगवायचा. पण तू रोज तिथं जायचीस, दगड वेचायचीस, बांधाला रचायचीस. मी विचारलं, कशाला गं? तर म्हणालीस, "काय तरी पेरायचं कळंल तवा जागा तयार असावी."

मग आले गणूतात्या. बैलांचे दलाल. जाता येता लग्नंही जुळवायचे, आणि दोन्हीकडं दातच बघायचे. ओसरीवर बसून तुझ्या दादाला सांगू लागले, "पावना इंदापूरच्या अंगाचा हाय. सोपानराव. बागायत हाय, हीर हाय, घरात एक म्हातारी आई. पयली बायकू गेली, मूलबाळ न्हाय. अंगापेरानं भरल्याला, चालीला सरळ, लाथ मारत न्हाय."

आतून तू म्हणालीस, "तात्या, बैल इकायलाय का?"

मी पदर तोंडाला लावला. पण खरं सांगू, मला ते स्थळ मनापासून हवं होतं. आपल्यात विधवेचा पाट लागतो, त्यात कमीपणा नाही. मांडव नसतो, वाजंत्री नसते, एवढंच. तू तरणी होतीस. भावाच्या घरात भाकरी मिळते, पण म्हातारपणी कुणाच्या दारात बसणार होतीस? मी नसल्यावर तुझं कोण होतं? मला तेवढाच घोर लागला होता.

तुझा दादा म्हणाला, भैरोबाला कौल लावू. आता हे म्हणजे काय नवीन नव्हतं. बैल विकायचा झाला तरी भैरोबा, विहिरीचा गाळ काढायचा झाला तरी भैरोबा. एकदा मिशा कमी कराव्या का हेसुद्धा विचारायला निघाला होता, मी दारात आडवी झाले. पण तू मान हलवलीस. म्हणालीस, "दादा, चाललं. देव व्हय म्हनला तर व्हय. न्हाय म्हनला तर न्हाय. पन देव गप बसला, तर मीबी गप बसणार. मंग कुनी मला ढकलायचं न्हाय."

रविवारी आपण देवळात गेलो. गुरवआबांनी तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीला लावल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी सुटली तर होकार, डावी सुटली तर नकार. आणि दोन्ही चिकटून राहिल्या तर देव म्हणतो, थांब. आपण हात जोडून उभे. समईचं तेल सरत आलं, तुझ्या दादाचे पाय अवघडले, गणूतात्यांना जांभया. कळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"देव थांब म्हनतोय," आबा म्हणाले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. गणूतात्या चिडून म्हणाले, "आबा, कळीला पानी लावताय का डिंक?"

आबांनी वळून बघितलंसुद्धा नाही. "तात्या, तुमी बैलाचं दात मोजा. देवाचं मोजू नगा."

"देवाला घाई न्हाय, खरं हाय. पन पावन्याला हाय की. त्येच्या घरात भाकरी कुनी थापायची?"

"त्येंची आई हाय न्हवं?" तू म्हणालीस. आणि नमस्कार करून घरी निघालीस, जणू काही झालंच नाही.

मला मात्र राहवेना. घरी आल्यावर चुलीपुढं तुला धरलं. म्हटलं, "यमे, देवानं डोस्कं दिलंय त्योच कौल. चांगलं स्थळ काय उंबरावर लागतं व्हय?"

तू काटवटीतलं पीठ मळत होतीस. म्हणालीस, "वयनी, तू भाकरी तव्यावर टाकलीस की लगीच उलटतीस का?"

"थांबलं तर करपती बी."

"म्हनून तर चुलीम्होरनं उठायचं न्हाय. थांबनं म्हंजी उठून जानं न्हवं गं. म्होरंच बसायचं, नजर ठेवायची. फुगली की कळतंय."

मी परात आपटली.

त्याच दिवसांत गावात दुसरंच वारं होतं. कालव्यावर नवे साहेब आले होते, ओवरसियर. आमच्या वरच्या अंगाला पाटाचं पाणी द्यायचं सरकारनं मनावर घेतलं होतं. ज्याला पाणी हवं त्यानं कालव्याच्या बंगल्यावर येऊन नाव द्यायचं. पारावर, पाणवठ्यावर, देवळात, जिकडं तिकडं पाट. कुणाला पाट मिळणार, कुणाच्या बांधावरून जाणार. तुझ्या माळाचं नाव निघालं की लोक हसायचे. "तितं पानी न्यायचं म्हंजी पखालीच वाहायला पायजेत."

आणि मग तो रविवार आला. देवळात गर्दी होती, कारण निम्मं गाव त्या पाण्याचं विचारायला आलेलं. तुझ्या दादाचा नंबर लागला तेव्हा आबा घामाघूम झाले होते. कळ्या लावता लावता म्हणाले, "हं, काय इचारायचं?"

तुझा दादा म्हणाला, "त्येच की. यमुनाच्या पाटाचं."

आबांनी मोठ्यानं हाळी दिली, "भैरोबा, ह्या यमुनाच्या पाटाला तुझा होकार असंल तर उजवी दे."

शब्द संपायच्या आत उजवी कळी सुटली. सुटली म्हणजे काय, उडी मारल्यासारखी खाली आली. तुझ्या दादानं घंटा बडवली. डोळे पुसत पुसत तो तसाच पायताण विसरून गणूतात्यांच्या घराकडं पळाला. मी देवापुढं डोकं टेकलं. उठून बघते तर तू ती कळी उचलून पदराच्या गाठीत बांधत होतीस. मला वाटलं, लाजलीय. तू देवळाबाहेर पडलीस, मी म्हटलं, जाऊ दे पोरीला, एकटी रडेल, हसेल.

घरी आले तर तू नाहीस. तुझा दादा आणि गणूतात्या आले, साखर वाटली, तात्यांनी तोंडात बोकणा भरला, आणि तू दारात आलीस. अंगठा शाईनं काळा.

"कुटं गेलतीस?" दादानं विचारलं.

"बंगल्यावर. पाटाला नाव दिऊन आले."

तात्यांच्या तोंडातली साखर तोंडातच राहिली.

"कंच्या पाटाला?" दादा म्हणाला.

"पान्याच्या. देवानं दिला न्हवं आत्ताच?"

"अगं, पाट म्हंजी लगीन. सोपानरावांचा पाट. मी त्येचंच इचारत हुतो."

"आबा तर यमुनाचा पाट म्हनलं. सोपानरावाचं नाव कुनी घेतलं?"

"देवाला पान्याचं कोन इचारतं येडे?" माझा नवरा तांबडालाल झाला होता.

तू शांतपणे म्हणालीस, "दादा, तू मिश्यांचं इचाराय निगाला हुतास."

यमे, त्या क्षणी मला तुझा राग आला होता आणि हसूही, आणि दोन्ही एकदम आलं की मला उचकी लागते, ते तू सगळ्यांना सांगत सुटायचीस. तर उचक्या देत देत मी, पुढं तुझा दादा, मागं तात्या, अशी वरात परत देवळात गेली. आबा देव झाकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला जे सांगितलं ते मी देवाला सांगितलं. यमुनाचा पाट. कंचा, त्ये मला कुनी फोडून सांगितलं न्हाय."

"मंग परत लावा कळ्या."

"न्हाय. दिलेला कौल परत इचारायचा नसतो. बाप व्हय म्हनल्यावर पोरगं परत इचारतं का, खरंच व्हय का म्हनून? देवाला दोनी पाट ठावं हायेत. तुमीच येक धरून बसलाय."

गावात असं कधी घडलं नव्हतं. कळी एक, पाट दोन. एका पाटानं गेलीस तर इंदापूर, माणूस, घर. दुसऱ्या पाटानं गेलीस तर दगडाचा माळ आणि एकटेपण. मी हात जोडून म्हटलं, माझे आई, पहिला धर. तू म्हणालीस, "मी कुटलाच धरत न्हाय आनी कुटलाच सोडत न्हाय. दोनी वाहू दे. पन पानी बघितल्याबिगर मी ह्या माळावरनं हलणार न्हाय. सोपानरावास्नी सांगा, तवर थांबा म्हनावं."

"त्यो थांबायचा न्हाय," तात्या कडाडले.

"मंग त्यो मला देवानं दिलेला नसंल."

तुझा दादा तुझ्याशी बोलायचा बंद झाला. भाकरी रानात मागवू लागला. मी मध्ये. तुला शिव्या देत तुझी न्याहारी बांधायची आणि त्याला शिव्या देत त्याची.

साहेबानं माळाभोवती खुंट्या ठोकून दिल्या. पाटापासून तुझ्या रानापर्यंत चारी कुठून खणायची त्याच्या त्या खुंट्या. बघणारा हसायचा. समोर रान दिसतंय, आणि खुंट्या मात्र माळाला कंबरपट्टा बांधल्यासारख्या लांबून, वळणं घेत. लोक म्हणायचे, सरळ खण की, निम्म्या कष्टात होईल. तू मात्र खुंटी सोडली नाहीस. मी एक दिवस तुला ओरडायला म्हणून आले. ऊन डोक्यावर, तुझ्या हाताला फोड. म्हटलं, "कशाला एवढा फेरा?"

"साहेबाला इचारलं मी. त्येनं समजावलं. पानी चढत न्हाय वयनी, वळसा घेतं. उतार धरून वळसा घेत आलं की बघनाऱ्याला चढल्यागत दिसतं."

मी थोडा वेळ बांधावर बसले. मग तिथं पडलेलं दुसरं खोरं उचललं. ओरडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. रोज येऊ लागले. आपण दोघी खणायचो आणि भांडायचो. मी म्हणायची देव लग्नाचं बोलला, तू म्हणायचीस पाण्याचं. भांडता भांडता चारी केव्हा रानाला भिडली कळलंही नाही.

पाणी सोडायच्या दिवशी सारं गाव माळावर. कुणी कौतुकानं, बरेच जण फजिती बघायला. पाटकऱ्यानं पाटाचं दार उचललं. आणि तू पाण्याच्या पुढं चालू लागलीस. अनवाणी, खोरं खांद्यावर, कोरड्या चारीत तू पुढं आणि तुझ्या टाचेमागं पाणी, पालापाचोळा, काटक्या, मुंग्या पुढं ढकलत येणारं. जनावर माणसामागं येतं तसं. लोक दोन्ही काठांनी चालू लागले. मधल्या सखल जागेत पाणी शिरलं आणि थांबलं. पुढं सरकेना. जमीन नुसती पीत राहिली.

गणूतात्या म्हणाले, "संपलं."

तू मागं वळून पाण्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "भरतंय."

बास. एवढंच. मी आयुष्यात कीर्तनं पुष्कळ ऐकली यमे, पण त्या एका शब्दाएवढं कुठलं कीर्तन मला लागलं नाही. आता काही अडलं, काही हलेना, मन खचायला लागलं की माझ्या आत एक गणूतात्या म्हणतो संपलं, आणि एक यमी म्हणते भरतंय. हेही तुला सांगायचं राहिलं होतं.

खड्डा भरला. पाणी काठोकाठ आलं, जरा थरथरलं आणि वळणावरून पुढं निघालं. माळाच्या कडेनं, खुंटी खुंटीनं, आणि तुझ्या रानात शिरलं. तुझा दादा, जो तुझ्याशी बोलत नव्हता, त्यानं डोक्याचा पटका सोडून हवेत फिरवला आणि पोरासारखा ओरडला, "यमे, आलं गं, आलं."

सगळे पाण्याच्या तोंडाकडं बघत होते. मागं एका वळणावर चारीची कड फुटायला लागली होती ते कुणाला दिसलं नाही. मला दिसलं, तर तिथं एक अनोळखी माणूस आधीच गुडघाभर चिखलात उभा. धोतर खोचलेलं, पांढरा पटका चिखलानं माखलेला, फुटलेल्या जागेवर ढेकळं दाबत होता. तू पळत आलीस. दोघांनी मिळून कड लिंपली. मग तू विचारलंस, "तुमी कोन?"

गणूतात्या धापा टाकत आले आणि त्यांचा चेहरा पडला. "अरं, सोपानराव. तुमी हितं?"

तुझा दादा पुढं झाला. "पावनं, तुमी थांबनार न्हाय म्हनलं हुतं न्हवं?"

"कोन म्हनलं?" सोपानराव हात धूत म्हणाले. "मला कुनी इचारलंच न्हाय. मला कसली घाई? घाई तात्यास्नी हुती. म्हसवडच्या जत्रंला जायाचं हुतं त्यास्नी."

लोक असे हसले की तात्यांनी जवळच्या बैलाचे दात बघायला घेतले.

तू चिखलात तशीच उभी. गालावर चिखल, पदर खोचलेला. म्हणालीस, "मंग तुमी कशापायी आलासा?"

"पाट बघाय."

"कंचा?"

"त्येच म्हनलं, हितं आल्यावर कळंल."

यमे, मी जवळच होते. तू खाली बघितलंस ते पाणी बघायला नव्हे. आता कबूल कर, मेल्यावर तरी.

सोपानराव थांबले. माळावर वांगी झाली, मिरची झाली, पेरूच्या रोपांनी मुळं धरली, तोवर थांबले. बारामतीच्या बाजाराला गाडी न्यायची झाली की वाट वाकडी करून माळावर यायचे, एखादं रोप घेऊन. बसायचे नाहीत. म्हणायचे, "गाडी थांबलीय." तू म्हणायचीस, "गाडीला घाई हाय व्हय?" मग बसायचे. आणि एक दिवस तूच दादाला म्हणालीस, "दुसरा पाट बी आलाय वाटतं. अडवायचा कशाला?"

चारीच्या काठावरच तुमचा पाट लागला. वाजंत्री नव्हती. चारीतलं पाणी बडबडत होतं, आणि मी.

तू इंदापूरला गेलीस, पण माळ सोडला नाहीस. सोपानरावांनीही सोडायला सांगितला नाही. पाण्याची पाळी आली की तू हजर. लोक आता हसत नसत. लेकीचं लग्न, भावाची वाटणी, परगावी जायचं की नाही, असलं काही अडलं की तुझ्या बांधावर येऊन बसायचे. म्हणायचे, यमुनाबाय, देव काही बोलेना. तू पेरू कापून हातावर ठेवायचीस आणि विचारायचीस, "देव गप हाय तवर तू काय करतोयस? दगुड तरी येचलेस का?" एवढंच. माणूस उठून जायचा तो रानाकडंच.

आणि आपलं भांडण चालूच. मी म्हणायची, बघ, अखेर लग्नच झालं का नाही, म्हणजे देव लग्नाचं बोलला. तू म्हणायचीस, आधी पाणी आलं, माणूस पाण्यामागनं आला. मी म्हणायची, माणूस आधी ठरला होता, पाणी वाटेत भेटलं. सोपानराव दोघींकडं बघत तंबाखू मळायचे.

या खेपेला तू अंथरुणाला खिळलीस म्हणून निरोप आला आणि मी मोटारीनं इंदापूरला आले. तुझं अंग म्हणजे तापलेला तवा. पण मला बघून हसलीस. दुपारची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. मला वाटलं, आता विचारलं नाही तर राहून जाईल. म्हटलं, "यमे, खरं सांग. त्या रविवारी देवाम्होरं तुझ्या मनात कंचा पाट हुता?"

तू म्हणालीस, "वयनी, माझ्या मनात कायबी नव्हतं गं. मी नुसती उभी हुते. म्हनलं, तूच सांग."

"मंग उठून बंगल्यावर कशी गेलीस?"

"कळी पडली. व्हय म्हनला त्यो. मंग मी बघितलं, म्होरं काय हाय. सोपानराव लांब हुते. बंगला जवळ हुता. जवळचं पाऊल आधी टाकलं."

"म्हंजी मीच जितले. पानी तुझ्या मनात नव्हतं."

"लगीनबी नव्हतं," तू म्हणालीस, आणि डोळे मिटून हसलीस. "दोघीबी हरलो बग. त्योच जितला."

मी पेज ठेवायला उठले ती तेव्हाच.

तर बाई, भांडण अर्धं टाकून गेलीस. पण तुझी शेवटची बातमी सांगते, मग तू ऐट मिरव. दिवस करायला भीमेच्या काठी मंडळी गेली. पिंडाला कावळा शिवायला वेळ लागणार असं सगळ्यांनी धरलेलं. वेळेआधी गेलेली, हौशी बाई, जीव माळात अडकलेला. तुझ्या दादानं मनात नवस तयार ठेवले होते, चारी बुजू देणार नाही, पेरू तोडू देणार नाही. सोपानराव तर जेवणाचा डबा बांधूनच गेले होते, थांबायची सवय म्हणून. आणि पिंड ठेवून भटजी मागं सरतात न सरतात तोवर कावळा आला. नवस तोंडातच राहिले. तुझा दादा घरी येऊन हसत होता आणि डोळ्यांतून धारा. म्हणाला, "हिचं कायबी अडकल्यालं नव्हतं गं."

मी म्हटलं, मला ठाऊक आहे. तिच्या मनात काहीच नव्हतं. ती नुसती उभी होती.

अशी रिकाम्या हातानं, मोकळ्या मनानं गेलेली दुसरी बाई मी बघितली नाही. सगळ्या तालुक्यात आज हीच बोलणी आहेत. मला रडू येतं ते येतंच, पण मान खाली घालून नाही येत. पाळण्याची दोरी मी ओढली होती, हे मी ज्याला त्याला सांगते.

काल देवळात गेले होते. आबा आता फार थकलेत. म्हणाले, वयनी, तुमाला काय इचारायचं? मी म्हटलं, काही नाही, नुसती उभी राहते. दोन्ही कळ्या लावल्या त्यांनी, सवयीनं. मी हात जोडून उभी राहिले. कळ्या हलल्या नाहीत. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला नाही.

माळावर येत्या आठवड्यात पाण्याची पाळी आहे. दार उचलायला तुझा दादा जाईल, कड बघायला सोपानराव येणार आहेत. पाण्याच्या पुढं मी चालणार आहे, अनवाणी, झेपेल तेवढी. त्या सखल जागेपाशी मी थांबेन. पाणीही थांबेल. पेरू पाडाला आलेत, एक कापून बांधावर ठेवते. ये तिथं. कावळा हो, वारा हो, काय वाटेल ते हो, उंबऱ्यावर मात्र बसू नको, चांगली मांडी घालून बस. राहिलेलं भांडण पुरं करू. देवाला घाई नसते, हे आता मला पटलंय. पण यमे, मला आहे. लवकर ये.